घर सोडून गेलेले आणि मागे राहिलेले : वाचकांचे प्रश्न

स्वतःचा शोध, अध्यात्म आणि समाज यांच्याबद्दल आपली आणि पश्चिमेची पुस्तकं काय म्हणतात यावर प्रश्न पाठवा असं मागच्या वेळी लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली, सगळी वाचली, त्यातली पाच इथे घेतेय. बऱ्याच जणांनी एक गोष्ट गृहीतच धरलीये की पश्चिम म्हणजे भोग आणि आपण म्हणजे अध्यात्म. मला हे अजिबात पटत नाही. का ते उत्तरांत येईलच.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा आहे, आयटीमध्ये जॉब करतो. जर्मन लेखक हर्मन हेसेची 'सिद्धार्थ' दोन रात्रींत वाचून काढली आणि तेव्हापासून कशातच मन लागत नाहीये. नोकरी सोडून सहा महिने कुठेतरी एकटं राहायचंय असं घरी बोललो तर आई रडायला लागली आणि बाबा गप्पच झाले, अजून गप्प आहेत. मित्र म्हणतो ही आपल्याच बुद्धाची गोष्ट आहे, गोऱ्यांनी आपल्यालाच विकली. पण शोध घ्यायचा तर घर सोडावंच लागतं ना?

उत्तर : आधी मित्राचं बघू. ती बुद्धाची गोष्ट नाहीये रे. कादंबरीतला सिद्धार्थ एका ब्राह्मणाचा मुलगा आहे, त्याला वाटेत गौतम बुद्ध भेटतात, तो त्यांचं ऐकतो, मनापासून आदर करतो आणि तरीही त्यांच्या संघात जात नाही. तुम्हाला बोध झाला त्या घटकेला नेमकं काय झालं ते तुमच्या शिकवणीत येऊ शकत नाही, असं तो त्यांना तोंडावर सांगतो. सोबत आलेला गोविंद मात्र तिथेच भिक्षू होतो. आणि 'गोऱ्यांनी विकली' म्हणायचं तर हेसेचं घर बघ. त्याचे आईकडचे आजोबा हर्मन गुंडर्ट केरळात मिशनरी होते, मल्याळम भाषेचा मोठा शब्दकोश त्यांनी केला जो १८७२ साली छापला गेला, आणि हेसेची आई तर तिकडेच जन्मलेली. म्हणजे भारत या माणसाच्या घरातच होता. स्वतः तो १९११ मध्ये बोटीने निघाला, सिलोन, सुमात्रा बघून परत गेला, आपल्या मुख्य भूमीवर आलाच नाही. पुस्तक १९२२ ला आलं, पण लिहिताना ते मध्येच अडकलं होतं, दीडेक वर्ष पुढे सरकत नव्हतं. शोधत फिरणारा, तळमळणारा सिद्धार्थ त्याला लिहिता येत होता कारण ती तळमळ त्याची स्वतःची होती, पण ज्याला सापडलंय तो सिद्धार्थ काही लिहिता येईना. ही अडचण मला फार प्रामाणिक वाटते, लेखक म्हणूनही आणि माणूस म्हणूनही.

आता तुझं. तू दोन रात्रींत वाचलंस म्हणजे सुरुवातीचा एक सीन भरभर मागे गेला असणार, तो परत काढून वाच. मुलगा बापाकडे घर सोडायची परवानगी मागतो. बाप नाही म्हणतो. मुलगा हाताची घडी घालून तिथेच उभा राहतो, हलत नाही. बाप झोपायला जातो, झोप लागत नाही, तासाभराने उठतो, छोट्या खिडकीतून बघतो तर मुलगा तसाच उभा. परत तासाभराने, परत तसाच. चांदणं सरकत जातं, पहाट होते, मुलाचे गुडघे किंचित थरथरतात, पण चेहरा हलत नाही, आणि तेव्हा बापाला कळतं की हा माझ्याजवळ उभा दिसतोय पण हा तर कधीच गेलाय. तो परवानगी देतो. विशीत वाचलं तेव्हा मी त्या मुलाबरोबर उभी होते. आता वाचते तेव्हा खिडकीपाशी असते.

आणि हेसेनेही तो बाप विसरू दिलेला नाही. पुस्तकाच्या शेवटाकडे सिद्धार्थ म्हातारा होत आलाय, नदीवर वासुदेव नावाच्या नावाड्यासोबत राहतोय, आणि त्याचा स्वतःचा लाडावलेला मुलगा त्याला टाकून पळतो, जाताना होडी पळवतो. हे दोघं तराफा बांधून पलीकडे जातात तर होडी सापडते पण वल्हं गायब. वासुदेव म्हणतो, मुलगा तुला काय सांगतोय ते कळलं का, माझ्यामागे येऊ नकोस म्हणतोय. सिद्धार्थ तरी मागे जातोच. पुढे एकदा नदी ओलांडताना तो पाण्यात वाकून बघतो तर स्वतःच्या चेहऱ्यात त्याला बापाचा चेहरा दिसतो, आणि इतक्या वर्षांनी त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो की आपल्याला जे होतंय तेच आपल्या बापाला झालं असणार, आणि तो मुलाला परत न बघताच गेला असणार. माझ्या मते या कादंबरीतला खरा बोध हाच आहे. नदीचा ओंकार वगैरे त्याच्या नंतर येतो, त्याच्याशिवाय येत नाही.

आता याच्या शेजारी दुसरं पुस्तक ठेव. डॉ. आंबेडकरांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', ते गेल्यानंतर १९५७ साली आलं. बाबासाहेबांना ती बुद्धाने म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून घर सोडल्याची गोष्ट मान्यच नाही. २९ वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारपण, आजार, मरण बघितलंच नव्हतं हे पटण्यासारखं आहे का, असं ते विचारतात. त्यांनी सांगितलेली हकिगत वेगळीच आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण पेटतं, शाक्यांचा संघ युद्धाचा ठराव करतो, तरुण सिद्धार्थ, म्हणजे इथे पुढे बुद्ध होणारा, भर सभेत विरोध करतो आणि मतदानात हरतो. मग एक तर लढायला जा, नाहीतर फाशी किंवा हद्दपारी घे, नाहीतर घरच्यांवर बहिष्कार आणि जमीन जप्ती ओढवून घे, अशी वेळ येते. तो परिव्राजक होऊन देश सोडतो. आणि इथे तो कुणी झोपलेलं असताना रात्री निघून जात नाही. आईवडिलांशी बोलतो, यशोधरेशी बोलतो, आणि ती म्हणते की तुमच्या जागी मी असते तर मीही दुसरं काय ठरवलं असतं.

बघ ना, घर सोडणं तेच पण एक जण निघालाय आतल्या तहानेपायी आणि दुसरा निघालाय चार लोकांच्या भांडणात खरं बोलला म्हणून. आता सांग, यात अध्यात्म कुठलं आणि समाज कुठला?

म्हणून तू जाऊच नकोस असं मी म्हणणार नाही, सहा महिने म्हणजे काही जन्मठेप नव्हे. पण बाबा गप्प आहेत ना, त्यांच्याजवळ आधी बस. परवानगीसाठी नको, नुसताच बस. ते तुझ्या वयाचे असताना त्यांना कुठे जायचं होतं ते विचार. काय सांगतील मला माहीत नाही, पण ते ऐकून गेलास तर तू वेगळा जाशील.

प्रश्न : अमेरिकन लेखक थोरो जंगलात राहिला म्हणून त्याचा एवढा गवगवा, पण मी वाचलं की गाव अगदी जवळ होतं आणि तो सारखा गावात जायचा. मग हा एकांत खोटाच म्हणायचा ना?

उत्तर : खोटा नाही, आपल्याच डोक्यात एकांत म्हणजे गुहा असं बसलंय. थोरो १८४५ च्या ४ जुलैला वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला, दोन वर्षं, दोन महिने आणि दोन दिवस राहिला, जमीन त्याच्या मित्राची म्हणजे इमर्सनची होती, आणि एक-दोन दिवसाआड आपण गावात गप्पा ऐकायला जायचो हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, कुणी धाड टाकून शोधून काढलेलं नाही. त्याच्या झोपडीत तीन खुर्च्या होत्या, एक एकांतासाठी, दोन मैत्रीसाठी, तीन समाजासाठी, असं तो म्हणतो. ती तिसरी खुर्ची लोक विसरतात.

आणि तुम्हाला खटकणारं ते गावात जाणं नसतं तर पुढचं काही घडलंच नसतं. १८४६ च्या जुलैमध्ये तो चांभाराकडे दुरुस्तीला टाकलेला बूट आणायला गावात गेला आणि तिथेच त्याला पकडलं, कारण गुलामगिरी चालू देणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून त्याने तो थकवला होता. एक रात्र कोठडीत काढली, कुणीतरी परस्पर कर भरून टाकला, दुसऱ्या दिवशी सुटला. त्या एका रात्रीतून सविनय कायदेभंगावरचा तो निबंध आला जो गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना वाचला. आणि हाच माणूस तळ्याकाठी सकाळी भगवद्‌गीता वाचत होता, विल्किन्सने १७८५ मध्ये इंग्रजीत आणलेली. वॉल्डनचा बर्फ कापून जहाजाने कलकत्त्यापर्यंत जायचा, त्यावर तो लिहितो की माझ्या तळ्याचं पाणी गंगेच्या पाण्यात मिसळतंय.

प्रश्न : पाश्चात्त्यांनी सगळं आपल्याकडून उचललं आणि नाव स्वतःचं लावलं. टॉलस्टॉयने सुद्धा महाभारतातली गोष्ट घेतलीये म्हणे. हे खरं आहे का? असेल तर आपले लेखक हे ठणकावून का सांगत नाहीत?

उत्तर : खरं आहे, पण ठणकावून सांगायच्या आधी पूर्ण गोष्ट ऐका, कारण ती तुमच्या रागापेक्षा फार सुंदर आहे.

युद्ध संपलंय, शंभर मुलं गेलीयेत, धृतराष्ट्र कोसळलाय. स्त्रीपर्वात विदुर त्याला समजावताना एक गोष्ट सांगतो. एक माणूस भयाण रानात पळता पळता एका झाकलेल्या विहिरीत पडतो आणि वेलींत अडकून उलटा लटकतो. खाली मोठा साप. वर काठावर सहा तोंडांचा, बारा पायांचा हत्ती. ज्या झाडाच्या आधाराने जीव टिकलाय त्याची मुळं पांढरे आणि काळे उंदीर कुरतडतायत. आणि वर मधमाश्यांचं पोळं आहे, त्यातून मध ठिबकतोय, आणि हा माणूस त्या अवस्थेत तो मध चाटतोय, कितीही चाटला तरी त्याचं समाधान होत नाही. हत्ती म्हणजे वर्ष, सहा ऋतू आणि बारा महिने. उंदीर म्हणजे रात्र आणि दिवस.

ही गोष्ट पुढे बुद्धाच्या चरित्रात गुंफली जाऊन पश्चिमेकडे निघाली. अरबी, जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन असे मुक्काम करत गेली आणि वाटेत 'बोधिसत्त्व' या शब्दाचं बुदासफ, योदासफ करत करत शेवटी जोसाफात झालं. म्हणजे बुद्ध एक ख्रिस्ती संत होऊन बसले, रोमन चर्चच्या संतांच्या यादीत २७ नोव्हेंबर हा त्यांचा दिवसही होता. ज्यांनी हे केलं त्यांना पत्ताही नव्हता आपण कुणाला नमस्कार करतोय याचा.

टॉलस्टॉयपर्यंत ही गोष्ट आली तेव्हा तो पन्नाशीत होता, नाव, जमीन, कुटुंब सगळं होतं आणि जगण्यात अर्थच उरला नव्हता. तेव्हा लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्याने ही गोष्ट सांगितलीये आणि ही पूर्वेकडची जुनी गोष्ट आहे असं तिथेच स्पष्ट म्हटलंय, म्हणजे चोरी तर नाहीच. पण त्याने त्यात स्वतःचं जे घातलंय ते बघा. तो म्हणतो माझे मधाचे दोन थेंब होते, एक घरच्यांवरचं प्रेम आणि दुसरं माझं लिखाण, आणि आता तेही गोड लागत नाहीत. विदुराच्या गोष्टीत मध हा मोह आहे, टॉलस्टॉयच्या हातात तो मध म्हणजे त्याची मुलं आणि त्याच्या कादंबऱ्या आहेत. विदुराने ती गोष्ट दुसऱ्याला समजवायला सांगितली, टॉलस्टॉय स्वतः त्या विहिरीत लटकून बोलतोय.

आणि मग तो तिथून बाहेर कसा आला, तर साध्या शेतकऱ्यांकडे बघून, कष्ट करून शांतपणे जगणाऱ्या आणि मरणाऱ्या माणसांकडे बघून. त्यातून पुढे त्याने जे अहिंसेवर लिहिलं ते गांधीजींनी वाचलं, दोघांची पत्रापत्री झाली, १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म उभा राहिला. गोष्ट इथून गेली आणि फिरून आपल्याकडेच आली की नाही? याला चोरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

प्रश्न : मी ५४ वर्षांची गृहिणी. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून आहेत, सगळं मीच करते. वाचायला रात्री तासभर मिळतो तेवढाच माझा. पण ताई, प्रत्येक पुस्तकात ज्ञान मिळवणारा घर सोडून जातो, नदीवर, डोंगरावर, आश्रमात. मागे राहिलेल्या बाईचं काय झालं ते एका ओळीत संपतं. मला स्वतःचा शोध घ्यायचा असेल तर मी काय करायचं?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही जे विचारलंय ते विचारायचं धाडस भल्याभल्या समीक्षकांना होत नाही.

वनपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट आहे. झाडाखाली वेद म्हणत बसलेला असताना वरून बगळी त्याच्या अंगावर घाण करते, तो रागाने बघतो आणि ती मरून पडते. मग तो भिक्षेला जातो. घरातली बाई थांबा म्हणते आणि तेवढ्यात तिचा नवरा भुकेला घरी येतो, ती त्याचं सगळं करण्यात गुंतते, तपस्वी दारात ताटकळतो आणि चिडतो. ती बाहेर येऊन माफी मागते आणि मग सरळ म्हणते, महाराज, मी काही बगळी नाही. रानात घडलेलं हिला घरात बसून कसं कळलं? तो हादरतोच. ती त्याला मिथिलेत एका खाटकाकडे पाठवते, धर्मव्याधाकडे, आणि तो मांस विकणारा माणूस त्याला धर्म शिकवतो आणि शेवटी स्वतःच्या म्हाताऱ्या आईबापाला दाखवून म्हणतो की तू तुझ्या आईवडिलांना न विचारता वेद शिकायला निघून आलास, ते तुझ्या दुःखाने आंधळे झालेत, परत जा. (पहिल्या पत्रातल्या मुलाने हेही वाचावं.)

आपल्याकडे जनाबाई दळता कांडता देवाला गाते, ती झाडलोट करते आणि केर भरायला चक्रपाणी येतो. तिकडे स्पेनमध्ये सोळाव्या शतकात अविलाची तेरेसा आपल्या मठातल्या बायकांना सांगते की स्वयंपाकघरात काम पडलं तर हिरमुसू नका, देव भांड्याकुंड्यांतही वावरतो. दोघींना एकमेकींचं नावही माहीत असणं शक्य नव्हतं. हात कामात अडकलेल्या बाईला जे दिसतं ते दोघींना दिसलं, बस.

पण इथेच थांबले तर मी तुमच्याशी खोटं वागले असं होईल. 'सेवा हीच तुमची साधना' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असणार, आणि बहुतेक वेळा ते बोलणाऱ्याच्या हाताला रात्री दोन वाजता बेडपॅन लागलेलं नसतं. संत बहिणाबाई, तुकारामांना गुरू मानणाऱ्या, त्यांनी स्वतःची हकिगत अभंगांत सांगितलीये, लहानपणी लग्न, नवऱ्याची मारहाण, कीर्तनाला जायची चोरी, आणि त्या स्पष्ट म्हणतात की बाईचं शरीर पराधीन, तिथे विरक्तीचा उपाय चालत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी एक बाई हे लिहून ठेवते आणि आपण तिचे फक्त गोड अभंग गातो. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये म्हटलं की बाईला लिहायचं तर वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी. बहिणाबाईंकडे यातलं काहीच नव्हतं तरी त्यांनी लिहिलं हे खरंच, पण नव्हतं म्हणून ते नकोच होतं असा अर्थ कुणी काढू नये.

माझे वडील शेवटचे पाच महिने अंथरुणाला होते तेव्हा मी टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' वाचत होते, १८८६ ची छोटीशी कादंबरी. मोठा न्यायाधीश मरायला टेकलाय, बायको, डॉक्टर, मित्र सगळे तो बरा होणार असं नाटक करतायत, आणि एकटा गेरासिम, घरातला तरुण नोकर, नाटक करत नाही. मालकाचे पाय उंच धरले की त्याच्या वेदना कमी होतात, म्हणून तो रात्र रात्र ते पाय स्वतःच्या खांद्यावर घेऊन बसतो. आपण सगळेच मरणार, मग एवढं करायला काय जातंय, असं काहीसं तो सहज म्हणतो. वडिलांच्या पायांना मी तेल लावायचे तेव्हा ते पान डोळ्यापुढे यायचं. पण एक खटकायचं, आणि अजून खटकतं. टॉलस्टॉय आपल्याला इव्हानच्या आत नेतो, अगदी शेवटच्या श्वासापर्यंत, गेरासिमच्या आत एकदाही नेत नाही. त्याचे खांदे दुखले का, त्याला झोप हवी होती का, आपल्याला कळत नाही. मला रोज कळत होतं, कारण माझे दुखत होते.

ती न लिहिलेली बाजू तुमच्याकडे आहे. चार वर्षांची. ती वहीत लिहा, चांगलं लिहायचा प्रयत्न न करता लिहा, चिडचिड, कंटाळा, सासूबाईंनी एखाद्या रात्री तुमचा हात घट्ट धरला असेल तर ते, सगळं. आणि घरातल्या बाकीच्यांना आठवड्यातल्या दोन रात्री वाटून द्या. विनंती करू नका, वाटून द्या. त्या दोन रात्री झोपा, मग वाचा.

प्रश्न : संतसाहित्य हे शेवटी टाळ कुटणंच नाही का? मोक्षाच्या गप्पा मारल्या आणि जात होती तशीच राहिली. दोस्तोयव्हस्की, टॉलस्टॉय निदान समाजाशी भिडतात. आणि एक जोडप्रश्न, अनंतमूर्तींची 'संस्कार' वाचली, ती मध्येच संपल्यासारखी वाटली. तो आचार्य शेवटी खरं सांगतो की नाही?

उत्तर : जात राहिली, हे तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. इरावती कर्व्यांनी वारीत चालून त्यावर लेख लिहिलाय, 'परिपूर्ती' या पुस्तकात आहे. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे एकत्र गातात, एकत्र चालतात आणि जेवायला वेगळे बसतात, हे बघून त्यांचा जीव कासावीस होतो. चोखोबांची समाधी देवळाच्या पायरीशी आणि त्यांच्या माणसांना देऊळ उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. सहाशे वर्षं.

पण याला टाळ कुटणं म्हणायच्या आधी चोखोबांची बायको सोयराबाई वाचा. 'अवघा रंग एक झाला' तिचाच, तो सगळ्यांना पाठ असतो. तीच दुसऱ्या अभंगात विचारते की देहाला विटाळ म्हणता, पण देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा कोण झाला? हा प्रश्न तिने चौदाव्या शतकात केलाय, जातीने बाहेर ठेवलेल्या बाईने. दोस्तोयव्हस्कीसुद्धा मला मोठा वाटतो तो समाजावरच्या भाषणांमुळे नाही. 'करामाझोव्ह बंधू'मध्ये झोसिमा नावाचे साधू एका डॉक्टरची गोष्ट सांगतात, तो म्हणायचा की मानवजातीवर माझं अपार प्रेम आहे, तिच्यासाठी सुळावर जाईन, पण एका खोलीत कुणाबरोबर दोन दिवस राहू शकत नाही, एक जण जेवायला फार वेळ लावतो म्हणून आणि दुसरा सर्दी झालीये, सारखा नाक शिंकरतो म्हणून. हे वाचल्यापासून 'समाजासाठी' हा शब्द वापरताना मी जरा थांबते. आणि हेच झोसिमा आपल्या लाडक्या शिष्याला, अल्योशाला, मठात ठेवून घेत नाहीत, जा, लोकांत जा म्हणतात.

तसाच 'संस्कार'मधला प्राणेशाचार्य, फक्त त्याला लोकांत कुणी पाठवत नाही, तो ढकलला जातो. १९६५ ची कन्नड कादंबरी. अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत, नारणप्पा मेलाय, ज्याने आयुष्यभर ब्राह्मणांचे सगळे नियम मोडले, आणि त्याचं प्रेत कुणी जाळायचं यावर पोथ्या उघडल्यात. प्रेत सडतंय, उंदीर मरून पडतायत, आकाशात गिधाडं आहेत आणि सगळ्यांत विद्वान माणूस ग्रंथ चाळतोय, उत्तर सापडत नाही. नारणप्पाची बाई चंद्री अंगावरचे दागिने काढून देते तेव्हा कालपर्यंत तोंड फिरवणारे अंत्यसंस्काराला तयार होतात, भांडायला लागतात. शेवटी तीच एका मुसलमान ओळखीच्याला हाताशी धरून रात्रीत प्रेत जाळून टाकते आणि कुणाला कळतही नाही. इकडे आचार्य, ज्याने पुण्य मिळावं म्हणून आजारी बायको करून घेतली होती, अंधाऱ्या रानात चंद्रीच्या मिठीत पहिल्यांदा स्वतःच्या शरीराला भेटतो. मग भटकतो, जत्रेत हरवतो, प्रत्येक अनोळखी माणूस आपल्याला ओळखेल म्हणून घाबरतो.

शेवटी तो बैलगाडीत बसतो, परत आपल्या अग्रहाराकडे, दुर्वासपुराला निघालेला. चार-पाच तासांचा रस्ता आहे. वर चांदण्या आहेत. सगळ्यांना खरं सांगायचं त्याने ठरवलंय असं वाटतं, पण लेखक त्याला गाडीतून उतरू देत नाही. मला विचाराल तर तो सांगतो. कारण नाही सांगितलं तर त्याला परत तोच आचार्य व्हावं लागेल, आणि रानातल्या त्या रात्रीनंतर ते त्याला जमणार नाही. माझी मैत्रीण याच पानावरून माझ्याशी वर्षानुवर्षं भांडतेय, ती म्हणते तो अग्रहाराच्या तोंडाशी उतरेल, चुलीचा धूर दिसेल, कुणीतरी 'आचार्य आले' म्हणून धावत येईल आणि त्याच्या तोंडून शब्द फुटणार नाही.